भाऊ दहा वाजता येणार होते

कामगार आपल्याला सोडून का गेला आणि त्याला परत कसं आणायचं, यावर एके काळी आम्ही ज्याला आपला म्हणायचो त्या पक्षातले शिकलेले लोक बैठका घेतात. मलाही बोलावणं येतं. मी कामगाराची मुलगी, आणि आता सिंदी मेघेत शिक्षिका, म्हणून. मी जात नाही. डोकं फिरतं माझं.

नव्वदच्या दशकात बाबांची सूतगिरणी बंद पडली. आम्ही गिरणीच्याच चाळीत राहायचो. मालकानं कागद फिरवला: खोलीवरचा हक्क सोडल्याची सही करेल त्याला मुलांच्या परीक्षा होईपर्यंत राहता येईल, बाकीच्यांनी आठवड्यात खोली सोडायची. माझं दहावीचं वर्ष. आई म्हणाली, "करून टाका ना सही." पण पक्षाचे नेते, ज्यांना सगळी चाळ भाऊ म्हणायची, ते गेटवर सांगून गेले होते, "कोणी सही करू नका. खोल्या तुमच्या आहेत. खाली करायला येतील त्या दिवशी दहा वाजता मी स्वतः दारात उभा राहतो."

बाबा म्हणजे भाऊंच्या सभेतला पहिला आवाज. घोषणा देऊन घसा बसायचा, तरी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून दुसऱ्या सभेला हजर. त्यांनी सही केली नाही.

त्या सकाळी आई भांडी पोत्यात भरायला लागली, तर बाबांनी ती परत फळीवर लावली. "भरू नोको. भाऊ येऊन राह्यले." दहा वाजले, अकरा वाजले. बाराला मालकाची माणसं आली आणि भांडी अंगणात गेली. माझी पुस्तकंही. बाबा तरी रस्त्याकडेच बघत होते. मला त्यांचाच इतका राग आला, की आज सांगताना लाज वाटते.

शेवटी कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार हातगाडी घेऊन आला. तो दुसऱ्या पक्षाचा. बाबा त्याच्याशी कधी धड बोलले नव्हते. "चला, उचलू," एवढंच म्हणाला, आणि ओळखीत एक खोलीही मिळवून दिली. भाऊ त्या दिवशी वर्ध्याला कामगारांच्या हक्कांवर भाषण देत होते. पेपरात फोटो आला. विश्वासघात केला आमचा, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

पुढच्या निवडणुकीत बाबा त्या दुकानदाराच्या बाजूला प्रचाराला बसले. सगळ्या गावानं पाहिलं.

मग भाऊ आमच्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. घाम पुसत म्हणाले, "काय बाप्पा, किती शोधलं तुमचं घर! शेवटी त्या दुकानदारालेच विचारावं लागलं." खुर्चीवर टेकले आणि विचारलं, "तुमच्यासारखा माणूस तिकडे काऊन गेला?"

मी फाडकन बोलणारच होते. बाबांनी हातानं थांबवलं. आईला चहा ठेवायला सांगितला, आणि हळूच म्हणाले, "त्याले माहीत होतं ना भाऊ, मी कुठं राह्यतो."