सरकी गोदामाची भिंत आणि चिमाबाईची मेंढरं

सोलापुरातल्या माझ्या सायकलच्या दुकानासमोर सरकीच्या गोदामाची भिंत होती. लांबी म्हणाल तर साठ पावलं. मी मोजलेली आहेत, कारण गिऱ्हाईक नसलं की मला दुसरा उद्योग नसे. त्या भिंतीचा आमच्या गल्लीला एकच उपयोग होता आणि तो लिहिण्यासारखा नाही. 'येथे घाण करू नये' असं मालकांनी ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं. लोक नेमके त्या अक्षरांखालीच उभे राहायचे. मी पहिल्यापासून तापट. पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पाणी मी कितीतरी जणांच्या पाठीवर फेकलेलं आहे. एकदा घाईत ते माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर गेलं. त्यानंतर आठ महिने ते आमच्या घरी जेवायला आले नाहीत.

चिमाबाई आमच्या गल्लीत राहायला आली ती बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर. मंगळवेढ्याकडची, धनगराघरची बाई. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की नळावर तिनं कुणाला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला माणूसही आपसूक वळून बघायचा. संगप्पा मुकादमाकडे तिला चुना देण्याचं काम मिळालं. लोकांची घरं, शाळा, देवळं, गोदामं, जिथं संगप्पा पाठवील तिथं ती कुंचा आणि बादली घेऊन जायची. शिडीवर चढायला पुरुष कचरायचे, ही पदर खोचून सरसर वर.

तिचा नवरा भिमा मात्र मुका असावा असं मला सहा महिने वाटत होतं. दिवसा लाकडाच्या वखारीत राखणीला असायचा. दिवस कलला की खांद्यावर घोंगडं टाकून माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. मी बोलायचो, तो मान हलवायचा. तंबाखू दिली तर घ्यायचा. मला बोलायला माणूस लागतो, त्यामुळे असा शेजार मिळाल्याचा मला रागच यायचा.

खरा प्रकार माझ्या बायकोनं, नीलम्मानं काढून आणला. दुष्काळात भिमा लांब कुठंतरी खडी फोडायला गेला होता. मागे चारा संपला, विहीर आटली, मेंढरं एकेक करून खाली बसायला लागली. डोळ्यांसमोर मरताना बघवेना म्हणून चिमाबाईनं सगळी अडतीस मेंढरं एका व्यापाऱ्याच्या हवाली केली. भिमा परत आला तेव्हा मेंढरं कोंडायची जाळी, त्यांची वाघूर, नुसतीच उभी होती. आत काही नाही. तो भांडला नाही, त्यानं हात उगारला नाही. फक्त बोलायचा थांबला.

"शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं की," चिमाबाई नीलम्माला म्हणाली होती. "दोन वरीस झाली. चिमे म्हणून हाक न्हाय मारली एकदा."

मग चौऱ्याहत्तरची दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी धनगर लोक मेंढरं रंगवतात, ओवाळतात. चिमाबाईकडे रंगवायला मेंढरूच नव्हतं. सकाळी मी दुकान उघडलं तर ही बाई भिंतीपाशी बसलेली. उरलेल्या चुन्यानं तिनं भिंतीवर एक पांढरं मेंढरू काढलं होतं, अगदी खऱ्याएवढं. पाठीवर गेरूचा पट्टा ओढला होता आणि आता ती त्याला हळदकुंकू लावत होती.

"चिमाबाई, पाय कुटं हायत त्याला?" मी विचारलं. माझा स्वभावच खोडी काढायचा.

"काळं काय न्हाय माज्याकडं. कोळसा टिकत न्हाय."

माझ्याकडे सायकलींना द्यायच्या काळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा पडून होता. मी तो दिला. कलेची सेवा वगैरे काही नाही हो. कुंकू लावलेल्या मेंढरापुढे तरी लोक उभे राहणार नाहीत, एवढाच माझा हिशेब होता.

संध्याकाळी भिमा आला, पायरीवर बसला आणि समोर बघत राहिला. चिमाबाई काळ्या रंगानं मेंढराची कड ओढत होती. डोकं झालं, कान झाले. आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"डावा कान फाटका हुता तिचा."

माझ्या हातातला पाना खाली पडला. चिमाबाईचा कुंचा तसाच हवेत राहिला. ती मागे वळली नाही. तिनं डावा कान पुसला आणि फाटका काढला.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं दुसरं मेंढरू काढलं. भिमानं त्याच्या गुडघ्यावर काळा ठिपका असल्याचं सांगितलं. तिसरीचं पोट मोठं पाहिजे, ती गाभण होती. चौथी नेहमी मागं बघत चालायची, तिचं तोंड वळव. असं रोज एक. बोलायचा तो भिंतीकडे बघून आणि फक्त मेंढरांबद्दल. चिमाबाईशी म्हणून काही नाही, तिच्या नावाची हाक तर नाहीच. पण आवाज फुटला होता. ती मुद्दाम चुका करायची हे माझ्या लक्षात आलं. एकदा तिनं एका मेंढराला पाच पाय काढले. त्यावर भिमा इतका संतापला की चांगली दहा-बारा वाक्यं बोलून गेला. त्या रात्री चिमाबाईनं आमच्याकडे वाटीभर शेंगाचटणी पाठवली, काही कारण नसताना.

गल्लीचं रूपच पालटलं. भिंतीपुढं उभं राहणं बंद झालं. माझं घमेलं पुन्हा पंक्चर बघण्याच्या कामाला लागलं. तेलुगू बोलणाऱ्या बायका सुपं घेऊन भिंतीच्या सावलीत विड्या वळत बसायला लागल्या. मेंढरांच्या पायांशी चिमाबाईनं त्यांच्यासाठी वेली काढून दिल्या. नीलम्मानं माहेरची तांबडी गाय भिंतीवर काढून घेतली. कोपऱ्यावर चहाची गाडी आली. गिरणीचा भोंगा झाला की सुटलेले कामगार मुद्दाम आमच्या गल्लीतून वळसा घालून जायचे आणि कालच्यापेक्षा एक मेंढरू वाढलंय का बघायचे. सासरे आठ महिन्यांनी आले ते आधी भिंत बघायला, मग जेवायला.

अशी सदतीस झाली, आणि चिमाबाई थांबली. अडतिसावा राहिला होता तो हंबीर, कळपाचा एडका. त्याची आई मेली तेव्हा भिमानं त्याला बोळ्यानं दूध पाजून वाढवला होता. तो काढायची तिची छाती होईना. भिमानंही कधी विचारलं नाही.

माघ सरता सरता गोदामाच्या मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुणे याच रस्त्यानं येणार. मालकांचा निरोप आला की भिंत पांढरीशुभ्र पाहिजे. काम गेलं संगप्पाकडे, आणि संगप्पाकडे भिंती रंगवणारं माणूस एकच, चिमाबाई.

संगप्पा वाईट नव्हता. तो माझ्या दुकानासमोर येऊन डोकं खाजवत उभा राहिला. "चिमाबाई, मालकाची चार गोदामं हायती. वर्साचं काम त्यांचं. तू न्हाई म्हटलीस तर मला दुसरी बाई बघावी लागंल, कायमचीच." असं म्हणून चुन्याची पोती आणि सरसाची पुडी ठेवून तो निघून गेला. चुना भिंतीला धरावा म्हणून त्यात सरस घालतात, तो डिंकासारखा चिकट असतो.

मी पेटलो. मालकांना दोन शब्द सुनावायला निघालोच होतो, पण नीलम्मानं सदरा धरून मागे ओढलं. "दुकान कुणाच्या जागेत हाय, ठाव हाय न्हवं?" ते मालकांच्या भावाच्या जागेत होतं. मी पुन्हा पंक्चरला बसलो. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चिमाबाईनं कुंचा चुन्यात बुडवला. फाटक्या कानाच्या मेंढरापाशी गेली. हात वर केला, खाली घेतला. पुन्हा वर केला. आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता भिमा उठून जाणार आणि पुन्हा मुका होणार. तिलाही तेच वाटत असणार.

भिमा उठला. वखारीतून लवकर आला होता तो. त्यानं तिच्या हातातून कुंचा घेतला. "सर बाजूला," एवढंच म्हणाला. ती पदरात तोंड घालून माझ्या पायरीवर येऊन बसली आणि भिंतीकडे पाठ केली.

भिमानं आयुष्यात कधी चुना कालवला नव्हता. त्यानं पोती सोडली, पाणी ओतलं, कालवलं. मग सरसाची पुडी सोडून नाकाशी नेली, वास घेतला आणि ती गटारात रिकामी केली. हे मी पाहिलं. विचारणार होतो, तोवर त्यानं कुंचा उचलला. मग तो एकेका मेंढरापाशी गेला. आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, मग चुना. "चल आत," म्हणायचा. "तू बी चल. सांज झाली." सांजेला मेंढरं वाघुरीत घालतात, तशी त्यानं सदतीसच्या सदतीस आत घातली. उन्हं उतरेपर्यंत भिंत कोरी झाली. चहावालासुद्धा त्या दिवशी गाडी लवकर गुंडाळून गेला.

लग्न थाटात झालं. भिंत पांढरी होती. भिमा पायरीवर येऊन बसायचा आणि बोलायचा नाही. चिमाबाईचा आवाज नळावर ऐकू येईनासा झाला.

मग आली रंगपंचमी. सोलापुरात होळीपेक्षा रंगपंचमीचा दंगा मोठा. बैलगाड्यांवर रंगाची पिंपं, पंप, पिचकाऱ्या, आरडाओरडा. एक गाडी आमच्या गल्लीत वळली आणि भिंतीपाशी उभा असलेला मी चपळाईनं दुकानात शिरलो. माझ्यावर सोडलेली गुलाबी धार गेली सरळ समोरच्या भिंतीवर. चुना ओघळला. त्यातून एक काळा डोळा बाहेर आला.

"मेंढरू!" चहावाला ओरडला.

मग काय, सगळी गल्ली माणसं सोडून भिंतीवर तुटून पडली. बादल्या, तांबे, पंप, माझं घमेलंसुद्धा. जिथं पाणी लागेल तिथं चुना सुटून खाली येत होता, आणि ऑइलपेंटच्या काळ्या रेघा लख्ख उभ्या राहत होत्या. फाटका कान आला. गुडघ्यावरचा ठिपका आला. नीलम्माची गाय आली. आणि अंगं सगळी रंगलेली, कुठं गुलाबी, कुठं हिरवी, कुठं पिवळी. चिमाबाई रंगानं निथळत मधोमध उभी होती, आणि पाडव्याला रंगवतात तसा आपला कळप बघून हसत होती की रडत होती हे काही कळत नव्हतं.

तेवढ्यात मालक आले. लग्नानंतरच्या पहिल्या रंगपंचमीला जावई आला होता, त्याला गावातली मजा दाखवायला निघाले होते. लोकांनी हातातल्या बादल्या, तांबे पाठीमागे घेतले. मालकांचं तोंड रंगाशिवायच लाल झालं.

"मामा!" जावई टाळ्या पिटत म्हणाला. "तुमच्या भिंतीतनं मेंढरं निघाली की! हे लई झ्याक!"

नव्या जावयादेखत रागवायचं कसं? मालक म्हणाले, "व्हय. आपलीच हायत." जावयानं त्यांच्यावर पिचकारी मारली आणि विषय तिथंच संपला.

संगप्पा मात्र हबकला होता. "अरे, चुना असा कसा सुटला? सरस घातला न्हाई काय?"

भिमा पायरीवरून उठला. "सरस कशाचा करत्यात, ठाव हाय?" तो म्हणाला. "जनावराच्या कातड्याचा. माज्या मेंढरांच्या अंगावर घालू व्हय त्यो?"

मी आत जाऊन ऑइलपेंटचा नवा डबा फोडला आणि बाहेर आणून ठेवला.

भिमानं तो उचलला. भिंतीच्या सगळ्यात पुढच्या टोकाला, जिथं 'येथे घाण करू नये' होतं, तिथं तो गेला आणि स्वतः काढायला लागला. जन्मात रेघ ओढलेली नव्हती त्यानं. आधी मला ते गाठोडं वाटलं. नीलम्मा माझ्या कानात म्हणाली, उंदीर आहे. मग त्याला दोन वळणदार शिंगं आली आणि सगळ्यांना कळलं. कुणी हसलं नाही.

चार पावलं मागे सरकून भिमानं मान वाकडी करून बघितलं.

"चिमे," तो म्हणाला, "शिंगं बरी आली का गं?"

मला रडू आलं. सांगायला लाज कसली.

चिमाबाई पुढे झाली, ओल्या रंगाला हात लावला आणि म्हणाली, "हंबीरच हाय की."

"मोज आता," भिमा म्हणाला.

ती भिंतीच्या कडेनं चालत गेली, एकेका मेंढराला बोट लावत. सदतीसला ती थांबली, मागे वळली आणि पार या टोकाला हंबीरकडे बघून तिच्या त्या जुन्या आवाजात ओरडली, "अडतीस!"

पलीकडच्या गल्लीतला एक माणूस काय झालं म्हणून बघायला आला. भिमानं घोंगडं खांद्यावर टाकलं, तिच्या हातातली बादली स्वतः घेतली, आणि दोघं बोलत बोलत घरी गेले.