वेबसाईटची दवंडी

सुमनआत्या काल गेली. आज सकाळी एका निवृत्त साहेबांनी तिच्या फोटोखाली हात जोडले. मी ती कमेंट डिलीट केली.

रागवा. ब्लॉक करा. चालेल.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आरमोरीजवळचं आमचं गाव. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. आत्याचं घर गावतलावातल्या मासोळीवर चालायचं.

एक दिवस तलावावर बाहेरगावचा ठेकेदार उभा. म्हणे, मासेमारीचा ठेका त्याला मिळाला.

आत्या मला घेऊन तालुक्याला गेली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, जाहिरात महिनाभर वेबसाईटवर होती, ईमेलने हरकती मागवल्या होत्या, एकही आली नाही.

"मंग दवंडी काऊन नाई देल्ली?"

"बाई, दवंडीचे दिवस गेले. आता सगळं पारदर्शक आहे."

गावात एकही कॉम्प्युटर नव्हता. लाईटही असली तर असायची.

ज्या पाण्यात ती लहानपणापासून उतरली, त्याच्या काठावरून ठेकेदाराच्या माणसाने तिला हाकललं. हात धरून. मी पाहिलंय.

ती दुसऱ्यांच्या बांधीत, भाताच्या रोवण्याला, मजुरीने जायला लागली.

मी तेव्हा आरमोरीत सायबर कॅफेत कामाला होते. दर बाजाराच्या दिवशी आत्या यायची, माझ्या बाजूला खुर्ची ओढायची.

"पाय पोरी, आज का लपवलं त्यायनं."

मी सरकारी वेबसाईट वाचून दाखवायची. ती गावात जाऊन तेलाचा रिकामा डबा बडवत सगळं सांगायची. रस्ता, राशन, बांबू, जे असेल ते. लोक हसायचे. आली रे वेबसाईट, म्हणायचे.

ठेक्याची पुढची जाहिरात आली, तेव्हा तिने अख्खं गाव फिरून डबा वाजवला.

दुसऱ्या दिवशी कॅफेबाहेर बायका, म्हातारे, शिदोऱ्या. लाईट गेली की सगळे थांबायचे. आली की पुढची हरकत. माझी बोटं दुखून आली.

सुनावणी घ्यावीच लागली. तलाव गावाच्या संस्थेला परत मिळाला.

मग तेच साहेब, आज फोटोखाली हात जोडणारे, गावात आले, हारतुरे घेतले. भाषणात म्हणाले, आमच्या वेबसाईटमुळे लोकसहभाग वाढला. टाळ्याही पडल्या.

आत्या मागे बसली होती. उठलीसुद्धा नाही.

"वेबसाईट तं पयलेही होती, साहेब."

टाळ्या थांबल्या.

जा आत्या, निवांत जा.

तुझा राग तेवढा इथी ठेवून जा. आमाले लागन.