कतीफच्या स्वयंपाकघरात ऑडिसियस

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. रत्नागिरीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. अब्बा सौदीत दम्मामला एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी होते. ते तिथे कढया उचलत होते म्हणून मी इथे लायब्ररीत बसून ग्रीक देवांची भांडणं वाचू शकलो. गावात लोक विचारायचे, इंग्रजी शिकून काय साहेब होणार? साहेब नाही झालो. डॉक्युमेंट कंट्रोलर झालो, म्हणजे बांधकाम कंपनीचे नकाशे आणि मंजुऱ्या जागच्या जागी ठेवणारा माणूस. दम्मामजवळच्याच कतीफला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको, सातवीतली मुलगी. गेल्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर अम्मीही आली होती. अब्बांना जाऊन काही वर्षं झाली होती.

बी.ए.चा घरात पहिल्यांदा उपयोग झाला तो त्या हिवाळ्यात. मुलीला वर्गात एखाद्या ग्रीक वीराची गोष्ट सांगायची होती.

"अब्बा, डू यू नो ऑडिसियस?"

"नो म्हणजे? मला त्यावर प्रश्न आला होता पेपरात," मी म्हणालो.

"आता झोपेपर्यंत ऐका," बायको आतून म्हणाली.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं होतं. कंपनीचं नवं काम हुफूफला सुरू होत होतं आणि पुढच्या महिन्यापासून मी तिकडे जायचं होतं. राहायला कॅम्प, बॅचलर. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे, तर ज्याची बायको-मुलं सोबत नाहीत तो. अब्बा तसे आयुष्यभर बॅचलरच होते. "रविवारी सांग," मॅनेजर म्हणाला. नाही म्हटलं तर दुसरी नोकरी, दुसरा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, आणि तो मिळेपर्यंत जिवाला घोर. मी मनाशी ठरवूनच टाकलं की मुलीची परीक्षा झाली की मायलेकींना अम्मीसोबत गावी पाठवायचं. बायकोला सांगितलं तर ती "बरं" एवढंच म्हणाली. तिचं "बरं" मला कधीच बरं वाटत नाही. अम्मीला मात्र मनापासून पटलं.

"चांगलं केलंस. परमुलखात बायकामाणसं एकटी नको. मी नाय राहिले गावात? काय झालं मला?"

तर त्या दिवसांत संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर स्वयंपाकघरात गोष्ट चालायची. मुलगी वही घेऊन खुर्चीवर, बायको ओट्याशी, अम्मी खाली पाय पसरून मासे साफ करत. कतीफचा मासळीबाजार बघितल्यापासून तिचा या देशावरचा राग निम्मा गेला होता.

मी सांगत होतो. लढाई संपली, ऑडिसियस घरी निघाला, पण समुद्राचा देव पोसायडन त्याच्यावर खवळलेला. एका बेटावर कमळाचं फळ खाऊन त्याची माणसं घरच विसरली.

"ही इकडचीच असणार," अम्मी म्हणाली. "आपल्या मोहल्ल्यातले दोघं असेच. बायका अजून वाट बघतायत."

पुढच्या बेटावर जादूगारणीने खलाशांची डुकरं केली, तेव्हा अम्मीने "तौबा, तौबा" म्हणत सुरी खाली ठेवली. मग आली कॅलिप्सो. तिने ऑडिसियसला सात वर्षं आपल्यापाशी ठेवून घेतलं.

"सात?" बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आणि बांधून ठेवलं होतं का त्याला?"

"नाही, म्हणजे… ती देवी होती. त्याचं चालत नव्हतं. रोज किनाऱ्यावर बसून रडायचा तो."

"दिवसा रडत असेल."

"अगो, मुलगी बसलीय," अम्मी म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. मी घाईने विषय पेनेलोपीकडे नेला.

ही त्याची बायको, वीस वर्षं वाट बघत राहिलेली. नवरा मेला असं समजून गावचे सगळे तालेवार तिच्या अंगणात येऊन बसले, खायला-प्यायला लागले, आमच्यातला एक निवड म्हणू लागले. ती म्हणाली, सासऱ्यासाठी कफन विणतेय, ते पुरं झालं की निवडते. दिवसा विणायची, रात्री उसवायची.

"शाबास!" अम्मी म्हणाली. "अशी पाहिजे बाई."

"बट दॅट्स सो अनफेअर, दादी," मुलगी म्हणाली. "शी वेस्टेड ट्वेंटी इयर्स."

"काय म्हणते ही?"

"वीस वर्षं वाया घालवली म्हणते."

अम्मीचा चेहरा उतरला. "वाया कशी? पोर वाढवलं तिने. घर उभं ठेवलं. शिकवलं असेल पोराला. मग ते काय वाया?" हे ती पेनेलोपीबद्दल बोलत नव्हती, हे बी.ए. नसलेल्या माणसालाही कळलं असतं. मुलीने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ऑडिसियसला मी घरी आणलं. भिकाऱ्याच्या वेषात. कुणीच ओळखत नाही. फक्त उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा ओळखतो, शेपटी हलवतो आणि प्राण सोडतो. इथे माझा आवाज नेहमी भरून येतो. कॉलेजातही आला होता.

अम्मी खो खो हसत सुटली. "कुत्र्याने ओळखलं? आपला कुत्रा तुझ्या अब्बांना चावला होता!"

ते मलाही आठवत होतं. अंगणात टॅक्सी, कोरे कपडे, अत्तराचा घमघमाट, आणि पोटरीला धरून लोंबकळणारा कुत्रा. मी अम्मीच्या मागे लपून विचारलं होतं, हे चाचा कोण? सगळे हसले, अब्बाही. आम्हीही हसलो. बायको तेवढी नाही हसली. तिने गॅस बारीक केला.

"मग? तिने कसं ओळखलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने एकदम विश्वास नाही ठेवला. परीक्षा घेतली. दासीला म्हणाली, आमचा पलंग बाहेर आणून टाक. तो भडकला. तो पलंग हलूच शकत नव्हता. त्याचा एक खांब म्हणजे जमिनीत मुळं असलेलं ऑलिव्हचं झाड, त्याने स्वतः कोरलेलं. हे त्या दोघांनाच ठाऊक. मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

अम्मीने माशावर मीठ चोळलं, पुन्हा चोळलं.

"तिला परीक्षा घ्यायला तरी मिळाली," ती म्हणाली. "आम्ही काय विचारणार? दोन वर्षांनी माणूस यायचा. पहिले दिवस तर मी पदर घेऊन वावरायचे, परका पुरुष असल्यागत. जरा सवय व्हायला लागली की बॅगा बांधायची वेळ. आणि कायमचे आले ना, तेव्हा तर… बाहेर पडवीत बसून विचारायचे, चहा मिळेल का? स्वतःच्या घरात. मिळेल का!"

मग बायको तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसली.

"अम्मी, तरीही मी जाऊ गावी?"

अम्मीने तिच्याकडे बघितलं नाही. "मी निभावलं. तूपण निभावशील. एकटी इथे काय करणार? दवाखाना, शाळा, बाजार, कोण नेईल?"

"मला विणकाम येत नाही," बायको म्हणाली. "गाडी शिकेन. खालच्या मजल्यावरची चालवते, मी काय लंगडी आहे?" मग माझ्याकडे वळली. "हुफूफ कुठे आलं? मध्ये समुद्र लागतो का?"

"नाही."

"एखादा राक्षस?"

"नाही. हायवे आहे. दोनेक तास."

"मग शुक्रवारी सुट्टी ना, दर गुरुवारी काम सुटलं की गाडीत बसायचं. मध्ये कुठल्या बेटावर थांबायचं नाही."

खरं सांगायचं तर हा मार्ग मला सुचलाच नव्हता. घरातला पुरुष सौदीत एकटा आणि बाकी सगळे गावी, एवढं एकच चित्र मी लहानपणापासून पाहिलेलं. पदवीने ते पुसलं नव्हतं.

"गाडी? तू?" अम्मी म्हणाली. मग मासा उलटा करत, "शिकवणारी बाईच असते ना?"

रविवारी मी मॅनेजरला सांगितलं, हुफूफला जातो, फॅमिली इथेच राहील, मात्र गुरुवारी मला वेळेवर सोडायचं. त्याला वाटलं होतं मी रडगाणं घेऊन येईन. "खलास, यल्ला," म्हणजे ठरलं, चल, म्हणाला आणि फोन उचलला. बायकोने दम्मामच्या बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. अम्मीने व्हिसा वाढवून घेतला, का ते सांगितलं नाही.

हुफूफचा पहिला आठवडा लांब गेला. गुरुवारी कतीफला येताना रस्ताभर मनात एकच चाललं होतं, घरात कसं पाऊल टाकायचं. दार उघडंच होतं. मुलगी सोफ्यावर आडवी, हातात टॅबलेट. तिने मान वर केली नाही.

"अब्बा, शूज बाहेर! दादीने आत्ता फरशी पुसलीय."

मी निमूट मागे सरकलो आणि बूट काढायला वाकलो. गावच्या घरात माझ्या अब्बांना असं कुणी, कधीच बोललं नव्हतं.