बटण अडकलं त्या सकाळी

आत्या विमानतळावर कामाला आहे असं सांगितलं की लोक विचारायचे, "हवाई सुंदरी का?" त्यावर बाबा म्हणायचे, "नाही, हवाई हवालदार." आत्या हसायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं. विमानतळ लहान होता. एकच धावपट्टी, कडेला वैमानिक घडवणारी एक शाळा, आणि चार जिने चढून गेलं की काचांची एक खोली. त्या खोलीत बसून आत्या बावीस वर्षं छोट्या विमानांना सांगत आली होती, तू आधी, तू मागून, तू अजून थांब. तिच्या हद्दीत तिच्या शब्दाशिवाय कुणी वळायचंसुद्धा नाही, असा नियम होता.

लग्न तिने केलं नाही. आमच्याच घरात वरच्या दोन खोल्यांत राहायची. बोलणं सावकाश, एकेक शब्द सुटा. मला गणित शिकवतानाही ती शेवटी विचारायची, "काय सांगितलं मी? परत म्हण." मी चिडायचे. ती म्हणायची, "ऐकलं म्हणजे कळलं असं नसतं, बाळा."

पुढचं मला तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. राहिलेलं लंबूकाकांकडून कळलं. लंबूकाका म्हणजे तिच्या शेजारी बसून फोन आणि नोंदी सांभाळणारे तिचे सहकारी.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. आकाश स्वच्छ. शाळेची एक विद्यार्थिनी त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी उडत होती. वय पंचेचाळीस, व्यवसायाने दातांची डॉक्टर. तिचे शिक्षक खाली गवतावर हाताची घडी घालून उभे होते. बाईंनी धावपट्टीला समांतर जायचं, टोकाच्या पुढे गेल्यावर डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळून उतरायचं, एवढीच एक फेरी होती.

त्याच वेळी जमिनीचे फोटो काढणारं एक विमान लांबून परत येत होतं. त्याचा वैमानिक आत्याच्या चांगल्या ओळखीचा. सगळे त्याला फोटोवाला म्हणत. इंधन कमी आहे, सरळ येऊ का, असं त्याने विचारलं. आत्याने हिशोब केला. त्याला आधी उतरू द्यावं आणि डॉक्टरीणबाईंना सांगावं की वळू नका, मी म्हणेपर्यंत सरळ जात राहा. असं ती रोज दहा वेळा करायची. तिने फोटोवाल्याला "सरळ या" म्हटलं. आता बाईंना सांगायचं, तेवढ्यात बाईच बोलल्या. मी धावपट्टीच्या शेजारी आले, असं त्यांनी कळवलं.

आणि त्यांच्या विमानातलं बोलण्याचं बटण दाबलेलं राहिलं ते वर आलंच नाही.

ते बटण दाबलेलं असलं की त्या विमानाला कुणाचंच ऐकू येत नाही. आणि बोलायची वाट सगळ्यांना मिळून एकच असल्यामुळे, एकाने ती अडवली की बाकीच्यांचं बोलणंही बुडतं. आत्याने बाईंना थांबायला सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. उत्तराऐवजी काचेच्या खोलीत बाईंचा आवाज भरून राहिला. आपलं बोलणं कुणाला जातंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या स्वतःशीच बोलत होत्या.

"घाबरायचं नाही. वेग बघ. वेग बरोबर आहे. हात सैल सोड. पेशंटला सांगतेस ना, मग तूही सोड."

आत्याने अडचणीसाठी राखून ठेवलेल्या दुसऱ्या वाटेवरून फोटोवाल्याला हाक मारली. तो तिथे ऐकतच नव्हता. लंबूकाकांनी शाळेला फोन लावला, पण शिक्षक बाहेर गवतावर. आत्या उठली, छताला टांगलेला सिग्नलचा दिवा ओढून तिने लाल प्रकाश आधी एका विमानावर धरला, मग दुसऱ्यावर. उतरणाऱ्या वैमानिकाची नजर धावपट्टीवर असते, खिडकीतल्या दिव्यावर नसते. हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती धरून राहिली.

उजवीकडून फोटोवाला सरळ रेषेत खाली येत होता. त्याच्या वाटेच्या डाव्या बाजूला बाईंचं पांढरं विमान. दोन्ही तिला दिसत होती, दोन्हींना ती दिसत नव्हती.

लंबूकाका म्हणाले, "अजून वळल्या नाहीत. कदाचित जातील पुढे."

तेवढ्यात आवाज आला, "आता डावीकडे वळायचं. सावकाश. पंख जास्त कलवू नको."

"आत्या काय करत होती?" मी लंबूकाकांना विचारलं होतं.

"बोलत होती," ते म्हणाले. "कुणालाही जात नव्हतं तरी एकसारखी बोलत होती. वळू नका, वळू नका. ओरडून नाही गं, रोजच्याच आवाजात."

बाई दुसऱ्यांदा वळल्या. त्यांचा उजवा पंख वर उचललेला, त्यामुळे त्या बाजूचं काहीच दिसणार नव्हतं. खोलीतून बघताना दोन्ही विमानं एकमेकांवर चढलेली दिसली. मग फोटोवाल्याचं विमान एकदम उजवीकडे फेकल्यासारखं वळलं आणि वर गेलं. दोघांत घराच्या अंगणाएवढं अंतर राहिलं होतं, असं तो नंतर म्हणाला.

बाई उतरल्या. छान उतरल्या. "जमलं की गं तुला," असा आवाज आला. विमान जागेवर लावून त्यांनी सगळं बंद केलं तेव्हा वाट मोकळी झाली. लगेच फोटोवाल्याने विचारलं, "टॉवर, ऐकू येतंय का?" आत्याने त्याला एक फेरी मारायला लावून नीट उतरवलं. त्यातही ती कुठे चुकली नाही.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई चार जिने धावत चढून वर आल्या, आभार मानायला. चेहरा फुललेला. "तुम्ही शेवटी काहीच बोलला नाहीत, मॅडम. मला वाटलं, माझं सगळं बरोबर चाललंय."

मागून शिक्षक धापा टाकत आले आणि बाईंना दंडाला धरून खाली घेऊन गेले.

चौकशी तीन महिने चालली. बटणाची स्प्रिंग झिजलेली निघाली. आत्यावर ठपका नाही, असा निकाल लागला. बाबा घरी कागद घेऊन आले, म्हणाले, "वाच. स्वच्छ सुटलीस."

"वाचलंय," आत्या म्हणाली. "पुढचं पान तू वाचलंस का? फोटोवाल्याने सांगितलंय. बाईंचं 'डावीकडे वळायचं' त्याच्या कानावर पडलं, म्हणून त्याने डावीकडे बघितलं. ती बाई स्वतःशी बडबडली म्हणून दोघं वाचली. मी नसते तरी वाचली असती."

"अगं, पण तुझी चूक नव्हती ना."

"चूक असती तर पुढच्या वेळी करणार नाही असं म्हणता आलं असतं. आता काय म्हणू?"

मग तीच म्हणाली, "आधी बाईंना सांगितलं असतं आणि मग त्याला, तर हे झालंच नसतं. पाच सेकंदांचा फरक. पण रोज तर मी आधी उतरणाऱ्यालाच सांगत होते."

बाबांनी कागदाची घडी घालून तो कपाटात ठेवला.

पुढे डॉक्टरीणबाई एकदा आमच्या घरी आल्या. तोवर त्यांना सगळं कळलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही मला काय सांगत होता?"

"वळू नका म्हणत होते."

"कितीदा?"

"मोजलं नाही."

बाई रडल्या. आत्या रडली नाही. तिने त्यांना पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला गेली. त्यानंतर बाई कधी उडाल्या नाहीत, असं ऐकलं.

आत्या मात्र कामावर परत गेली. परीक्षा घेतली खात्याने तिची, पहिल्या फटक्यात पास झाली. आठ महिने खुर्चीवर बसली. एकही चूक नाही. मग एका सोमवारी तिने स्वतःहून अर्ज केला आणि खालच्या मजल्यावर, हवामानाचे कागद लावण्याच्या खोलीत बदली मागून घेतली. त्या खोलीला खिडकी नाही. लंबूकाका दुपारी चहा घेऊन खाली जातात. ती त्यांना वर कोण बसतं, नवीन मुलगी कशी आहे, असं सगळं विचारते. ते तिला म्हणतात, एकदा वर येऊन बघ तरी. ती म्हणते, "बघून काय करू?"