ओल्या कुंकवाचं बटण

उस्तादांचा हात थरथरला आणि टीव्हीचा प्रोसेसर जळला, असं मी भर दुकानात चार माणसांपुढे बोललो. न तपासता बोललो. ही माझी चूक आधी कबूल करतो.

पांढुर्ण्याच्या या उस्तादांनीच मला सोल्डरिंग शिकवलं. माझं दुकान सौंसरला. बोरगावच्या एका मावशींचा एलईडी टीव्ही मेमरी आयसी बदलायला मी त्यांच्याकडे धाडला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो दुरुस्त होऊन बसनं परत आला. लावून पाहिला, उत्तम चालत होता. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली, मावशींच्या टीव्हीचीही. मग मावशी तो घरी घेऊन गेल्या.

चार दिवसांत मावशी तो घेऊन हजर. आवाज आपोआप वाढायचा, रिमोट चालायचा नाही.

"काय रे बावा, हा आमचं ऐकूनच नाही राहिला. अंगात आलं का याच्या?"

"उस्तादांचा हात थरथरते आता, मावशी. प्रोसेसर जळवला त्यांनी."

माझं बोलणं पांढुर्ण्यापर्यंत पोचलं. आठवड्याभरात उस्तादांच्या घरून काकूंचा फोन आला. "भाऊ, ते आता कामाले हातच नाई लावत. म्हणतात, माह्या हातानं लोकाईचे टीव्ही जळून राहिले."

चाळीस वर्षांचं काम माझ्या एका वाक्यानं थांबलं होतं. मी तेव्हा कुठे टीव्ही उघडला.

प्रोसेसरला जगायला मोजक्या गोष्टी लागतात. वीजपुरवठा बरोबर होता. चालू होताना मिळणारा रीसेटचा झटका मिळत होता. ताल धरणाऱ्या क्रिस्टलचे ठोके ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर स्वच्छ दिसले. मेमरीशी त्याचं बोलणंही चालू होतं. म्हणजे तो जिवंत होता आणि कुणाचा तरी हुकूम पाळत होता. कुणाचा?

सगळ्या बटणांची मिळून एकच तार त्याच्याकडे जाते. प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर असतो. दाबलं की तारेवरचं व्होल्टेज ठरावीक इतकं उतरतं, त्यावरून प्रोसेसर बटण ओळखतो. काहीच दाबलं नसेल तर तिथे ३.३ व्होल्ट हवेत. मीटर दोनच्या आसपास डुलत होता. आवाजाचं बटण कुणी तरी दाबून धरल्यासारखं!

बटणांच्या पट्टीचा कनेक्टर उपसला. मीटर ३.३ वर जाऊन थांबला. रिमोट दाबला, आवाज मुकाट उतरला. मी असा ओरडलो की समोरचा पानवाला धावत आला.

"काय झालं? करंट लागला का?"

"नाही! प्रोसेसर जिता हाये!"

उस्तादांनी बदललेल्या आयसीचे सोल्डरिंगचे टाके भिंगाखाली पाहिले. एकही वाकडा नव्हता. मग आवाजाचं बटण फोडलं. आत बंद जागेत अजून न वाळलेला हळद-कुंकवाचा ओला लगदा. पूजेत पट्टीवर ओलं बोट मीच टेकवलं होतं.

नवं बटण बसवलं आणि टीव्ही घेऊन पांढुर्ण्याची बस पकडली. मावशी हट्टानं सोबत आल्या. उस्तादांच्या ओट्यावर शेजारी जमले होते. त्यांच्यापुढेच टीव्ही चालवून दाखवला आणि फुटकं बटण उस्तादांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हळद! कोणं लावली बे?"

"म्या, उस्ताद. न तपासता तुमचं नाव घेतलं. चार लोकाईपुढं बोललो होतो, आता या सगळ्याईपुढं सांगतो. तुमच्या हाताची काहीच चूक नव्हती. मले माफ करा."