जिलबीपुरता इतिहास

बँकेने मला जयपूरला धाडलं, तेव्हा विद्याधर नगरात जिलबीच्या कढईपाशी एक आजोबा रोज दिसायचे. पेपरातलं ‘आज का दिन’ मोठ्याने वाचायचे. एखाद्या नटाचा वाढदिवस असला की एक जिलबी, लढाई जिंकलेली असली की दोन. रोज कुणी ना कुणी जन्मलेलं असतंच म्हणा! लढाई हरलेली असली तर काय, असं मी विचारलं, तेव्हा मिशीवरचा पाक पुसत म्हणाले, "कोई तो जीता होगा, भैया!"

एका सकाळी त्यांच्या मागे आजी उगवल्या. त्यांच्या हातातला जिलबीचा द्रोण हिसकावून मला म्हणाल्या, "पिछले साल आज ही के दिन इनको शुगर से अस्पताल में भर्ती किया था. ये नहीं छपा?"

आजोबा गंभीर झाले. मग हलवायाकडे वळून हळूच म्हणाले, "दो देना. वो लड़ाई हम जीते थे."