एकीनं वाचायचं, दुसरीनं तपासायचं

आमच्या लॅबला खिडकी नाही, आणि आतलं नाव बाहेर सांगायचं नाही असा नियम. त्यामुळे किस्से आतल्या आत साठत जातात. मी गंगापूर रोडच्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणूंची गाठ घालून देते. गेली चौदा वर्षं हेच. जोडीला शाहीन, मालेगावची, विणकराच्या घरातली. पेशंटची नावं गाळून सांगते, बाकी सगळं खरं.

*

लॅबमध्ये वास चालत नाही. अत्तर नाही, पावडर नाही, गजरा तर नाहीच. गर्भाला वास सोसत नाही म्हणतात, म्हणून आम्ही दोघी बिनवासाच्या साबणानं आंघोळ करून येतो. एकदा लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या बायकोची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्यांनी आनंदानं कांद्याची गोणी आणली. रिसेप्शनिस्टनं ती ठेवली कुठं, तर आमच्या कपडे बदलायच्या खोलीत! शाहीननं स्वतः ती गोणी खांद्यावर घेऊन दोन जिने उतरवली. व्यापारी बिचारे ओशाळून म्हणाले, "मॅडम, लय निवडून आणला व्हता."

पुढच्या वेळी त्यांनी द्राक्षं आणली. ती आम्ही जिन्यात बसून खाल्ली.

*

दुसरा नियम नावाचा. डिशचं झाकण उघडण्याआधी एकीनं बाईचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख मोठ्यानं वाचायची, दुसरीनं लेबल बघून "तपासलं" म्हणायचं. त्याशिवाय हात लावायचा नाही. दिवसातून चाळीस वेळा हेच केलं की सवय घरी येते. मी मुलांचे डबेसुद्धा नाव वाचून भरते आणि नवरा "तपासलं" म्हणतो.

शाहीनच्या बहिणीच्या निकाहात तर कहर झाला. नवरीच्या वतीनं बोलणारे वकील आणि साक्षीदार तिची कबुली घ्यायला आत आले, नवरदेवाचं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं. नवरीशेजारी बसलेली शाहीन पटकन म्हणाली, "जन्मतारीख?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मांडवात बसलेल्या नवरदेवाला फोन लावावा लागला.

*

सटाण्याहून एक आजी सुनेबरोबर यायच्या. गर्भ आत सोडण्याआधी आम्ही स्क्रीनवर त्याचा फोटो दाखवतो. तीन दिवसांचा गर्भ म्हणजे आठ गोल पेशी, बाकी काही नाही. आजींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "नाक मन्हा पोऱ्यासारखंच शे."

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, असेलही.

*

आता गुरुजी. पंचवटीतले, पत्रिका जुळवण्यात नाव मिळवलेले. त्यांनी जुळवलेल्या जोडप्यांची पोरं शाळेत जायला लागली, आणि यांच्या स्वतःच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शाळेत गणित शिकवतात. दोघांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. नऊ स्त्रीबीजं मिळाली, शुक्राणू चांगले पळणारे. आम्ही रीतसर एका डिशमध्ये ठेवले आणि घरी गेलो.

सकाळी पाहिलं तर नऊच्या नऊ बीजं तशीच. शुक्राणू बाहेरच्या कवचाला चिकटले होते, काही कवच पार करून बीजाच्या अगदी अंगाला जाऊन टेकले होते. पण आत एकही नाही. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले तेव्हा शाहीन रडत होती. मलाही फार वाईट वाटलं.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, गुरुजी, शुक्राणूच्या अंगावर एक प्रथिन असतं आणि बीजाच्या अंगावर दुसरं. दोघांनी एकमेकांना ओळखून हात धरला, तरच पुढचं होतं. शुक्राणूवरच्या प्रथिनाला जपानमधल्या लग्नं जुळवणाऱ्या देवस्थानाचं नाव दिलंय, इझुमो. बीजावरच्याला रोमन लोकांच्या लग्नाच्या देवीचं, जुनो. तुमच्या बाबतीत हीच ओळख पटली नसावी, पण ते तपासायची सोय आमच्याकडे नाही.

गुरुजींनी ती दोन्ही नावं पुटपुटून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मांडवापर्यंत आले आणि अंतरपाट दूर झालाच नाही."

वहिनींना आधी हसू आलं, मग रडू.

*

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ठरवलं की ओळखीची वाट बघायचीच नाही, सुईनं एकेक शुक्राणू थेट बीजात सोडायचा. वहिनींनी स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची खेप, यापुढे अंगात बळ नाही. त्या दिवशी गुरुजी आले ते स्वच्छ धुतलेल्या धोतरात. एरवी त्यांच्या उपरण्याला धुपाचा वास असायचा, म्हणून आम्ही त्यांना जिन्याखाली बसवायचो. आज वासच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उदबत्तीशिवाय पूजा केली. देवाला सांगून आलोय."

बीज या वेळी एकच मिळालं, सुई शाहीननं चालवली. काम झाल्यावर गुरुजींनी एक गोष्ट मागितली, वेळ. गर्भ राहिल्याच्या क्षणाचीही पत्रिका मांडतात म्हणे, पण तो क्षण कुणालाच ठाऊक नसतो, सगळे अंदाजानं मांडतात. शाहीननं वही उघडून बोट ठेवलं. अकरा एकोणपन्नास. गुरुजींनी त्या वहीला नमस्कार केला. पत्रिकेत काय निघालं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

*

मुलगी झाली. बारशाला आम्हा दोघींना बोलावणं होतं. अंगणात पाळणा, बायकांची गर्दी, मी मागच्या रांगेत पेढा खात उभी. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं, आणि गुरुजी एकुलते एक. चुलत बहिणी दोन होत्या, त्या पुढे सरसावल्यासुद्धा. गुरुजींनी त्यांना हातानं थांबवलं आणि शाहीनकडे वळले.

"ताई, हिला सगळ्यांत आधी तुम्ही पाहिलंत. नाव तुम्हीच सांगा."

कुजबुज झाली. शाहीन लालबुंद. ओढणी सावरत ती पाळण्याजवळ गेली, वाकली, बाळाचं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. लेबल नव्हतं. ती सरळ उभी राहिली आणि आमच्या लॅबमधल्या आवाजात म्हणाली, "आईचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख?"

वहिनींनी जागेवरून उठून, एकही अक्षर न अडखळता, पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली.

तरी शाहीन वाकेना, वाट बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी मागच्या रांगेतून, तोंडात पेढा तसाच ठेवून, ओरडले, "तपासलं!"